सेवार्थ दूरपल्ल्याची सायकलयात्रा : पूर्वतयारीचा आयुर्वेदीय विचार

विषयप्रवेश

व्यायाम हा आयुर्वेदाने दिनचर्येत सांगितलेला विषय आहे, तर अध्व म्हणजे दूरचा प्रवास हा बलक्षयाच्या कारणांत गणलेला आहे. सुश्रुताने उत्तरतंत्रात शोषाचा विचार करताना व्यायामशोष व अध्वशोष यांचा स्वतंत्र निर्देश केला आहे. दूरपल्ल्याच्या सायकलयात्रेत हे दोन्ही हेतू एकाच शरीरावर एकाच वेळी कार्य करतात. त्यामुळे 'व्यायाम चांगलाच असतो' एवढ्या सामान्य विधानावर अशा यात्रेस संमती देणे शास्त्रास धरून होत नाही.

अलीकडे वैद्य, डॉक्टर, औषध विक्रेते, शिक्षक इत्यादी मंडळी एखाद्या सेवाकार्यासाठी निधी उभारण्याच्या हेतूने शंभर-दोनशे किलोमीटरच्या सायकलयात्रा करू लागली आहेत. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु येथे एक तिसरा हेतूही येऊन मिळतो. देणगीदारांनी रक्कम कबूल केलेली असते, नाव फलकावर लागलेले असते, हार घालून निरोप दिलेला असतो. मग छातीत जड वाटले, भोवळ आली, तरी स्वार थांबत नाही; त्याला संकोच वाटतो. कळत असूनही न वळणे यालाच आपण प्रज्ञापराध म्हणतो. सत्कार्याच्या भरात घडलेला प्रज्ञापराधही शरीराला तितकाच भोवतो. म्हणून अशा यात्रेची तयारी करवून घेणाऱ्या वैद्याने स्वारास सायकल कशी चालवावी याबरोबरच कोठे थांबावे हेही आधीच शिकवले पाहिजे, हा या पाठाचा मुख्य मुद्दा आहे.

दोन बोलकी उदाहरणे

बाबा आमटे यांनी १९८५-८६ मध्ये कन्याकुमारीपासून जम्मू-काश्मीरपर्यंत 'भारत जोडो' अभियान नेले. राष्ट्रीय ऐक्याच्या त्या अभियानात तरुण-तरुणी सायकलींवर होते. स्वतः बाबा मात्र पाठीच्या मणक्यांच्या विकारामुळे सायकल चालवू शकत नव्हते, फार वेळ बसूही शकत नव्हते. ते वाहनात आडवे पडून यात्रेसोबत राहिले. जो स्वतः पॅडल मारू शकत नव्हता, त्यानेच ती सायकलयात्रा चालवली. हेच बाबा १९९० नंतर सुमारे दशकभर नर्मदाकाठी कसरावद येथे राहिले.

दुसरे उदाहरण नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन या बंधूंचे. एक भूलतज्ज्ञ, दुसरे दंतवैद्य. २०१५ साली अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून पूर्व किनाऱ्यापर्यंत जाणारी सुमारे ४,८०० किलोमीटरची 'रेस ॲक्रॉस अमेरिका' ही स्पर्धा त्यांनी दोघांच्या संघात नऊ दिवसांच्या आत पूर्ण केली. आदिवासी बांधवांच्या नेत्रोपचाराचा हेतू त्यांनी या प्रयत्नाशी जोडला होता. दोघांच्या संघात एक जण सायकलीवर असताना दुसरा विश्रांती घेतो. म्हणजे एवढ्या अचाट अंतरातही विश्रांती ही नियोजनाचाच भाग असते, याची नोंद आपण घ्यावी.

प्रस्तुत पाठाची भूमी व कल्पित उदाहरण

विषय स्पष्ट होण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेऊ. नंदुरबार येथून निघून तापी ओलांडावी, तळोदा व अक्कलकुवा मार्गे देवगोई घाट चढून मोलगीकडे सातपुड्यात शिरावे आणि तेथून पुढे नर्मदेच्या दिशेने मणिबेली गाठावे, असा दोन दिवसांचा संकल्प आहे. अंतर दररोज सुमारे १०० किलोमीटर धरू. निधी नर्मदाकाठच्या पाड्यांवरील रुग्णसेवेसाठी द्यावयाचा आहे.

मणिबेली हे अक्कलकुवा तालुक्यातील गाव. सरदार सरोवर प्रकल्पाने बाधित झालेल्या महाराष्ट्रातील ३३ गावांपैकी बुडिताचा पहिला फटका बसलेले हेच गाव. १९९० च्या दशकाच्या आरंभी येथील सत्याग्रहाने जगाचे लक्ष वेधले आणि १९९४ साली मोठ्या धरणांना मिळणाऱ्या जागतिक बँकेच्या अर्थसाहाय्याविरुद्ध अनेक देशांतील संघटनांनी केलेल्या जाहीरनाम्यास याच गावाचे नाव दिले गेले. जलाशयाच्या काठच्या या भागात वैद्यकीय साहाय्य तरंगत्या दवाखान्यातून, होडीतून पोहोचवावे लागते. त्यामुळे येथे आजारी पडलेला स्वार हा तेथील तुटपुंज्या सेवेवर पडलेला भार ठरतो. ज्यांच्यासाठी निधी गोळा करावयाचा, त्यांच्याच वाट्याची होडी आपण अडवून बसू नये. शेवटचा टप्पा सायकलीने, वाहनाने की जलमार्गाने करावयाचा, हे त्या वेळच्या रस्त्याची स्थिती प्रत्यक्ष पाहून ठरवावे.

दोन स्वार आपल्याकडे आले आहेत असे समजू. पहिले औषधालयाचे मालक, वय ४६, वजन ७८ किलो, मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड व रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू. दिवसभर गल्ल्यावर बसण्याचा व्यवसाय. दुसरा २२ वर्षांचा भिल्ल समाजातील तरुण, पिळदार शरीराचा, फुटबॉल खेळणारा. सकृद्दर्शनी पहिल्यास थांबवावे व दुसऱ्यास विनातपासणी सोडावे असे वाटते. दोन्ही निर्णय चुकीचे ठरू शकतात.

परीक्षण

चरकाने व्यायामास अयोग्य व्यक्ती सांगताना अतिश्रमाने, भाराने व अध्वाने कृश झालेले, क्रोध, शोक, भय व श्रम यांनी ग्रासलेले, बाल, वृद्ध, वातप्रकृतीचे, तसेच क्षुधित व तृषित यांचा उल्लेख केला आहे. वाग्भटाने वातपित्तरोगी व अजीर्णी यांना वर्ज्य केले आहे. ही यादी समोर ठेवून प्रकृती, सार, संहनन, सात्म्य, आहारशक्ती, व्यायामशक्ती व वय यांची परीक्षा करावी. त्यास आजच्या तपासण्यांची जोड आवश्यक आहे.

१) श्रमाने छातीत दुखणे, भोवळ, अनाठायी धाप किंवा कुटुंबात तरुण वयात आकस्मिक मृत्यू असा इतिहास असल्यास हृदयरोगतज्ज्ञाच्या तपासणीविना सराव सुरू करू नये.
२) चाळिशीपुढील व मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान यांपैकी काही असलेल्या स्वाराचा विद्युत्-हृदयालेख काढून तज्ज्ञाचे मत घ्यावे. विश्रांतीतील रक्तदाब १८०/११० किंवा अधिक असल्यास तो नियंत्रणात येईपर्यंत सराव नको.
३) रक्तातील हिमोग्लोबिन पाहावे. पांडुरोग्यास लांब पल्ल्यावर पाठवू नये.
४) सिकलसेलची चाचणी संमतीने अवश्य करावी. नंदुरबार जिल्ह्यातील आदिवासी समाजात हा दोष मोठ्या प्रमाणात आढळतो. २०२३ साली त्याच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीमही सुरू झाली आहे.

चौथा मुद्दा आपल्या दुसऱ्या स्वारासाठी निर्णायक आहे. सिकलसेल रोग असलेल्याने अशी यात्रा करू नये. केवळ वाहक असणे हा रोग नव्हे. वाहक व्यक्ती निरोगी आयुष्य जगते व व्यायामही करू शकते. तथापि उष्णता, जलक्षय व एकाएकी केलेला अतिश्रम एकत्र आल्यास वाहकामध्येही स्नायूंचा विघात होऊन प्राणावर बेतू शकते. वाहक तरुणास यात्रेतून वगळण्याचे कारण नाही. त्याने हळूहळू वाढत जावे, चढावर शर्यत लावू नये, पाणी चुकवू नये, ताप किंवा अतिसार असताना सायकल चालवू नये. चाचणीचा निष्कर्ष गुप्त ठेवणे हे वैद्याचे कर्तव्य आहे.

सरावाचा क्रम : पादांशिक क्रम

अहितकर सवय सोडताना व हितकर सवय लावताना एकदम बदल न करता चतुर्थांशाने, किंवा चतुर्थांशाच्याही चतुर्थांशाने बदल करावा, असा उपदेश चरक व वाग्भट दोघांनीही केला आहे. आपण हा क्रम बहुधा पथ्यापथ्यापुरता वापरतो. सायकलच्या सरावासही तो चपखल लागू पडतो.

दररोजचे लक्ष्य १०० किलोमीटर, म्हणून एक पाद २५ किलोमीटरचा. कालावधी १६ आठवडे. प्रत्येक पादास चार आठवडे; त्यांतील तीन आठवडे चढते आणि चौथा उतरता, म्हणजे विश्रांतीचा. आठवड्यातील एका लांब फेरीचे अंतर पुढीलप्रमाणे ठेवावे.

पहिला पाद : ८, १६, २५, १५ किलोमीटर.
दुसरा पाद : ३३, ४१, ५०, ३० किलोमीटर.
तिसरा पाद : ५८, ६६, ७५, ४५ किलोमीटर.
चौथा पाद : लागोपाठ दोन दिवस ७५ व ४०, पुढील आठवड्यात ७५ व ६०, त्यानंतर एक दिवस ५०, शेवटच्या आठवड्यात केवळ हलक्या फेऱ्या व यात्रा.

याखेरीज आठवड्यात दोन दिवस पाऊण ते एक तासाची सपाटीवरील फेरी आणि दुसऱ्या पादापासून एक दिवस चढाचा सराव असावा. उरलेले दिवस विश्रांतीचे. सरावात पूर्ण १०० किलोमीटर करून पाहण्याचा मोह टाळावा. तीन पाद अंगवळणी पडलेले शरीर चौथा पाद यात्रेच्या दिवशी पेलते. लागोपाठच्या दोन दिवसांचा सराव मात्र चुकवू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सीटवर बसता येणे, ही खरी कसोटी असते.

आजारपणाने एक आठवडा बुडाल्यास तो आठवडा पुन्हा करावा, अंतर भरून काढण्यासाठी दुप्पट फेरी करू नये. तीन आठवडे बुडाल्यास मागील पादापासून आरंभ करावा, अथवा त्या वर्षीची यात्रा सोडावी.

काळाचा विचार करता ऑक्टोबरच्या मध्यास आरंभ करून जानेवारीअखेर किंवा फेब्रुवारीच्या आरंभी यात्रा ठेवणे युक्त होय. हेमंत व शिशिर हे उत्तम बलाचे ऋतू. ग्रीष्मात तापीकाठच्या सपाटीवर पारा चाळिशीपार जातो, तेव्हा अशी यात्रा सर्वथा वर्ज्य. शरदात विरेचनादी शोधन करावयाचे असल्यास ते सरावापूर्वी पूर्ण करावे व संसर्जनक्रम संपवून मगच सायकलीस हात लावावा. यात्रा तोंडावर आली असता 'शरीरशुद्धी' म्हणून विरेचन देणे घातक आहे.

मात्रा : अर्धबलाची खूण

व्यायाम अर्ध्या बलाने करावा, हा सुश्रुत-वाग्भटांचा दंडक सर्वांस ठाऊक आहे. कपाळ, नाक, काखा व सांधे येथे घाम येणे, मुखास कोरड पडणे, श्वास तोंडाने घ्यावा लागणे या अर्धबल संपल्याच्या खुणा होत. रोजच्या व्यायामात येथे थांबावयाचे असते. लांब पल्ल्यात या खुणेचा उपयोग वेग ठरविण्यासाठी करावा. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता येते तोवर वेग योग्य. शब्द तुटू लागले, तोंडाने धाप लागली की गिअर हलका करावा अथवा उतरून सायकल हाताने न्यावी. घाटात उतरून चालण्यात कमीपणा नाही.

नाडीच्या गतीवरून श्रम मोजण्याची पद्धत प्रचलित आहे. परंतु आपल्या पहिल्या स्वारास मेटोप्रोलॉल चालू असल्याने त्याची नाडी श्रमानुसार वाढणार नाही. घड्याळात आकडा कमी दिसला म्हणून त्याने जोर वाढवू नये. त्याच्यासाठी बोलण्याची कसोटीच विश्वसनीय आहे.

अतिव्यायामाने तृष्णा, क्षय, प्रतमक श्वास, रक्तपित्त, श्रम, क्लम, कास, ज्वर व छर्दी उत्पन्न होतात असे सांगितले आहे. सरावाच्या काळात सकाळची नाडी नेहमीपेक्षा जलद, झोप उडालेली, अरुची, चिडचिड, वारंवार सर्दी-खोकला असे दिसल्यास पुढील आठवडा विश्रांतीचा समजावा.

आहार व जलपान

चरकाच्या पन्नास महाकषायांत श्रमहर गण आहे : द्राक्षा, खर्जूर, प्रियाल, बदर, दाडिम, फल्गू, परूषक, इक्षू, यव व षष्टिक. आजच्या भाषेत ही मनुका, खजूर, चारोळी, बोर, डाळिंब, अंजीर, फालसा, ऊस, जव व साठीचा भात यांची शिदोरीच होय. यांतील चारोळी व बोरे सातपुड्यातच मिळतात. पहिल्या तासानंतर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम शर्करायुक्त अन्न पोटात जावे, असे आधुनिक क्रीडाशास्त्र सांगते. मध्यम आकाराच्या पाच खजुरांतून सुमारे ३० ग्रॅम मिळते. ही शिदोरी सरावातच सात्म्य करून घ्यावी; यात्रेच्या दिवशी नवा पदार्थ खाऊ नये. पूर्ण भोजनानंतर दोन ते तीन तास सायकल चालवू नये. आदल्या रात्री भात, मूग, तूप असे लघु व स्निग्ध अन्न असावे. नंदुरबारची मिरची प्रसिद्ध असली तरी त्या रात्री तिला दूर ठेवणे इष्ट.

पाण्याचे प्रमाण ऋतू व घामानुसार ताशी सुमारे ४०० ते ८०० मि.लि. असते. तहानेकडे लक्ष द्यावे, पण भीतीपोटी पाणी पीत राहू नये. अति जलपानाने रक्तातील सोडियम घटून डोके दुखणे, उलटी, भ्रम व आकडी येऊ शकते. फेरीपूर्वी व नंतर वजन करावे. वजन वाढल्यास पाणी अधिक झाले. दोन टक्क्यांहून अधिक घटल्यास कमी पडले. ७८ किलोच्या स्वारास ही मर्यादा सुमारे दीड किलोची आहे.

औषध विक्रेत्यांनी येथे एक दक्षता घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे जलसंजीवनीच्या पुडीत एक लिटरसाठी मीठ २.६, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५ व ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. अनेक गोड पेये 'ओआरएस' या नावाने विकली जात. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने असा नामोल्लेख करण्यास मनाई केली. स्वारास पुडी देताना सूत्र वाचून द्यावे.

आपल्या पहिल्या स्वाराने प्रत्येक लांब फेरीपूर्वी, मध्ये व नंतर रक्तशर्करा तपासावी. ग्लिमेपिराइडसारख्या औषधाने श्रमात शर्करा एकाएकी उतरते. ७० मि.ग्रॅ.च्या खाली गेल्यास थांबून १५ ग्रॅम ग्लुकोज घ्यावे व पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. यात्रेच्या दिवशीची औषधमात्रा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनीच ठरवावी. सोबत मधुमेहनाशक आयुर्वेदीय कल्प चालू असल्यास ते त्यांना अवश्य कळवावे.

अंगरक्षण व औषधी

सीटची उंची चुकल्यास गुडघा दुखतो. पॅडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच ठेवावी. पाय सरळ झाला की उंची योग्य. चालवताना चवड्याने पॅडल मारावे, म्हणजे गुडघ्यास हवा तेवढाच बाक राहतो. हाताच्या करंगळीकडील बोटांस किंवा गुह्यप्रदेशी बधिरता आल्यास ती थकवा समजून दुर्लक्षू नये. पकड बदलावी, सीटचा कल तपासावा, मधूनमधून उभे राहावे.

सरावानंतर शरीर निवाल्यावर तिळतेल अथवा महानारायण तेलाचा अभ्यंग व उष्णोदकस्नान हितकर. सीटमुळे त्वचा सोलवटल्यास शतधौत घृत लावावे. पू झाल्यास सायकल बंद ठेवावी. वेदनाशामक गोळ्या घेऊन सायकल चालविण्याची सवय अनिष्ट आहे; जलक्षय असता त्यांपासून वृक्कास अपाय होतो. 'स्टॅमिना' वाढविणारे रसकल्प किंवा चूर्णे यात्रेच्या तोंडावर विकू नयेत. बल १६ आठवड्यांच्या क्रमाने येते; दुकानातून ते देता येत नाही.

यात्रेचा दिवस : थांबण्याचा अधिकार

प्रस्थानापूर्वी तीन गोष्टी लेखी ठरवाव्यात.

१) देणगी किलोमीटरवर अवलंबून नसावी. स्वार अर्ध्यात थांबला तरी कबूल रक्कम सेवाकार्यास मिळेल, असे देणगीदारांकडून आधीच मान्य करून घ्यावे. या एका अटीने निम्मे धोके टळतात.
२) सोबतच्या वैद्याने 'थांबा' म्हटल्यावर वाद नाही. यात आयोजक व ज्येष्ठ मंडळीही आली.
३) मागून येणाऱ्या वाहनात जागा रिकामी असावी. घाटात भ्रमणध्वनी लागेलच असे नाही. म्हणून '१०८' वर विसंबून न राहता जवळच्या रुग्णालयापर्यंत नेण्याची व्यवस्था स्वतःची असावी.

छातीत दुखणे, भोवळ, असंबद्ध बोलणे, चालताना झोक जाणे, थंडी वाजून अंग तापणे, पेटका न येता मांड्या एकदम लुळ्या पडणे, कोकम सरबतासारखी काळसर-लाल मूत्रप्रवृत्ती : यांपैकी एकही लक्षण दिसल्यास यात्रा तेथेच संपली असे समजावे. उष्माघाताची शंका आल्यास सावलीत नेऊन, कपडे सैल करून, सर्वांगावर पाणी ओतून वारा घालावा. आधी शीतोपचार, मग वाहतूक. शुद्ध हरपलेल्यास तोंडाने काहीही देऊ नये.

उपसंहार

आपल्या कल्पित उदाहरणाचा शेवट काय? औषधालयाचे मालक १६ आठवडे नेमाने सराव करून, औषधांची मात्रा ठरवून घेऊन, मंद गतीने मोलगीपर्यंत पोहोचू शकतील. तरुण वाहक निघाला, तर तोही पाणी व वेग सांभाळून जाऊ शकेल. दोघांपैकी कोणी तिसऱ्या पादातच अडखळला, तर त्याने वाहनात बसून औषधांची पेटी सांभाळावी. त्याची सेवा रतीभरही उणी होत नाही. बाबा आमट्यांनी ते चार दशकांपूर्वीच दाखवून दिले आहे. मणिबेलीच्या काठावर तरंगत्या दवाखान्याची वाट पाहणाऱ्या रुग्णास औषध हवे असते; ते आणणारा सायकलीवर आला की गाडीत बसून, हा प्रश्न त्याच्यापुढे नसतो. वैद्याने हीच दृष्टी स्वारास द्यावी.

स्वाध्याय

१) व्यायाम व अध्व हे हेतू एकत्र आल्यास कोणत्या धातूंवर प्रथम परिणाम दिसेल? कारण द्या.
२) दररोज ६० किलोमीटरच्या तीन दिवसांच्या यात्रेसाठी पादांशिक क्रमाने १२ आठवड्यांचे कोष्टक तयार करा.
३) मेटोप्रोलॉल घेणाऱ्या स्वाराचे अर्धबल कसे ठरवाल?
४) सिकलसेल वाहक व सिकलसेल रोगी यांना द्यावयाच्या सल्ल्यातील भेद स्पष्ट करा.